खोलीत माणसं: शून्य

सगुणा नवऱ्याचा डबा घेऊन आली तेव्हा पंढरीच्या चपला दाराबाहेर होत्या आणि दार बंद होतं.

नावड्याच्या अलीकडे, तळोज्याच्या कारखान्यांच्या कडेला ते कोल्ड स्टोरेज आहे. तिथे मासळी दगडासारखी होईपर्यंत गोठवतात. आत जाताना चपला बाहेर काढायच्या आणि गमबूट चढवायचे, ही तिथली पद्धत. बाहेर चपला असतील तर आत माणूस आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या दुपारी आतले मोठे पंखे घरघरत होते. पंखे लागले की बर्फाळ वारा सुटतो, तेव्हा आत कोणी असता कामा नये.

सगुणाने दार बडवलं, हाका मारल्या. मग दारावर चिकटवलेल्या नंबरावर फोन लावला. फोन उचलला गेला, दोन वाक्यं बोलली गेली आणि बऱ्याच वेळाने दार आपोआप सरकलं. पंढरी आतून दार उघडायच्या कडीपाशी बसलेला होता. बर्फ चढून कडी जाम झाली होती आणि त्याचा हात अजून कडीवरच होता.

ही गोष्ट सोमवारची. बुधवारी सकाळी सुनीती कर्णिक तिथे पोहोचल्या.

सुनीतीबाई औद्योगिक सुरक्षा खात्यातल्या अधिकारी. कामगार दगावला की अहवालावर त्यांची सही लागते. वाचल्याशिवाय सही न करण्याची वाईट खोड त्यांना आहे आणि त्यापायी खात्यात त्यांच्याशी गोड बोलणारं कोणी उरलेलं नाही.

फौजदार रूपेश गावंड तयार अहवाल घेऊनच उभा होता. दोषी दोघं. एक, जाकीट न घालता आत गेलेला कामगार पंढरी भोईर. दुसरी, मशीनला चुकीची माहिती लिहून देणारी कर्मचारी अबोली सबनीस. एकजण मेलेला आणि दुसरी घाबरून अर्धमेली झालेली. असे गरीब दोषी मिळायला नशीब लागतं.

"मॅडम, तुमची सही झाली की संध्याकाळी मुलीला ताब्यात घेतो," रूपेश म्हणाला. "केस एकदम क्लिअर आहे."

"दार लावलं कोणी?"

"मशीनने. म्हणजे त्या एआयने. राखणदार नाव आहे त्याचं."

"आणि राखणदाराला कोणी सांगितलं की आत माणूस नाही?"

"तेच तर. त्या मुलीने लिहिलेल्या माहितीने."

"मग आधी माहिती बघू," सुनीतीबाई म्हणाल्या. "सही कुठे पळून जात नाही."

फाटकापाशी सगुणा बसली होती. मासळी निवडायच्या कामाला तीही इथेच येते. डोळे कोरडे होते. रडून झालं होतं की रडायचं राहिलं होतं, कळत नव्हतं.

"सगुणाबाई, फोनवर कोण बोललं तुमच्याशी?"

"मना काय ठाव, बाय. बाप्या होता."

"तुम्ही काय म्हणालात?"

"बोलले, आत मानूस हाय, दार उघडा. तं तो बोलतो, त्यानी जाकीट घेतलं नव्हतं का?" सगुणाने मान वर केली. "माजा मानूस आत मरतंय आन हा जाकिटाचं इचारतंय. मंग फोन कट केला त्यानी."

"दार लगेच उघडलं?"

"नाय. मी बडवत ऱ्हायले. हात सुजले पार." जरा थांबून तिने विचारलं, "बाय, कागदावर लिवलंय का, त्याचीच चुकी हाय म्हनून? मना तेवडं सांगा."

सुनीतीबाईंनी रूपेशच्या हातातल्या अहवालाकडे पाहिलं. कागदावर तेच लिहिलं होतं.

स्टोरेजचा मॅनेजर कुंदन पाटील पंढरीच्याच गावचा. पंढरीला तो काका म्हणायचा. अंत्ययात्रेत खांदा द्यायला तोच पुढे होता, असं रूपेशने कौतुकाने सांगितलं.

"पंढरीने जाकीट का घेतलं नाही?"

कुंदनने इकडेतिकडे पाहिलं. "मॅडम, रोजंदारीवाल्यांना जाकीट नसतं."

"नसतं म्हणजे?"

"जाकिटात चिप असते. जाकीट दिलं की मानूस सिस्टममदे चढतो. मग हजेरी आली, फंड आला. आमी ते पर्मनंटवाल्यांनाच देतो. बाकीचे गोणपाट घेऊन जातात, मफलर बांधतात. काका तर वर्षानुवर्षं तसाच जायचा."

"म्हणजे त्याने घेतलं नाही असं नाही. तुम्ही दिलं नाही."

कुंदन खिशातल्या किल्ल्या चाळवायला लागला.

"दारावर माणूस असतो ना? त्याने अडवलं कसं नाही?"

"सकाळी, रात्री असतो. दुपारच्या पाळीचा काढलाय. राखणदार आल्यावर मालक बोलले, आता कशाला मानूस पायजे."

"दुपारी दारावर कोणी नसतं, हे कोणाकोणाला सांगितलंत?"

"कोनालाच नाय, मॅडम. कागदोपत्री तो मानूस आहेच. फक्त दारावरच्या त्या नंबरावर, मशीनच्या हेल्पलाइनवर बोललो मागच्या आठवड्यात. राखणदार दुपारी दारावरच्या फोनवर रिंग देत बसायचा, उत्तर येईना तर दार लावायचा नाही. माल नरम पडायला लागला. मालकाने माझी घेतली, मी हेल्पलाइनवाल्याची घेतली. दोन दिवसांत मिटवा, नायतर तुमचं मशीन उचलून न्या, असं सांगितलं."

"मिटलं?"

"मिटलं," कुंदन हळूच म्हणाला.

राखणदार बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस वाशीला, स्टेशनजवळच्या एका काचेच्या इमारतीत. बाहेर पाटी केवढी तरी, आत माणसं तीन. मालक केयूर, प्रोग्रामर निशांत आणि अबोली.

केयूरने स्वतः उठून खुर्ची दिली. टेबलावर त्याचे दोन फोन होते. तो बोलत असताना त्यातला जुनाट फोन थरथरला. त्याने न बघताच कॉल कापला आणि फोन खणात टाकला.

"कस्टमर," तो हसून म्हणाला. "राहिलं असेल कुठेतरी दार उघडं. मॅडम, मी सोपं करून सांगतो. राखणदाराला डोळे नाहीत, हात नाहीत. त्याला आम्ही टूल देतो. एक टूल दार लावतं, एक पंखे सुरू करतं, एक आतली माणसं बघतं. प्रत्येक टूलबरोबर चार ओळींचं वर्णन असतं. हे काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही. ते वाचून राखणदार ठरवतो. वर्णन बरोबर तर काम बरोबर."

"वर्णनं कोण लिहितं?"

"अबोली. मी त्यात पडत नाही. खरं सांगू का, मी आजपर्यंत एक ओळ वाचलेली नाही. विश्वासावर चालतं सगळं." त्याने सुस्कारा सोडला. "तिच्याबद्दल वाईट वाटतं. पण गुरुवारी त्या वर्णनात जो बदल झाला, तो तिच्याच लॉगिनवरून झालाय. रेकॉर्ड खोटं बोलत नाही."

अबोली कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. रूपेश तिच्या शेजारीच उभा राहिला, जणू ती खिडकीतून उडी मारणार होती.

"तू काय लिहिलं होतंस?" सुनीतीबाईंनी विचारलं.

अबोलीला पाठ होतं. "हे टूल बाहेर दिलेली जाकिटं मोजतं, माणसं नाही. शून्य आलं म्हणजे खोली रिकामी आहे असं समजू नये. जाकिटाशिवायही माणूस आत असू शकतो. दार लावण्याआधी दारावरच्या माणसाला विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं."

"आणि आता काय आहे?"

तिने स्क्रीन वळवली. 'हे टूल खोलीतली माणसं मोजतं. शून्य आल्यास दार लावून पंखे सुरू करावेत. दुपारी दारावर कोणी नसतं, त्यामुळे विचारण्यात वेळ घालवू नये.'

"हे मी लिहिलेलं नाही. मी असं लिहूच शकत नाही, मॅडम. टूलला काय येतं ते कोणीही लिहितं. त्याला काय येत नाही, ते लिहिणं हेच माझं काम आहे."

"पण लॉगिन तुझं."

"लॉगिन एकच आहे! पैसे वाचवायला लायसन्स एकच घेतलंय, माझ्या नावाने. आम्ही तिघंही त्यातूनच काम करतो. पासवर्ड त्या बोर्डवर लिहिलेला असायचा."

भिंतीवरचा पांढरा बोर्ड आकृत्यांनी आणि आकड्यांनी बरबटलेला होता. फक्त वरचा कोपरा लख्ख पुसलेला होता.

"असं काही नव्हतं," केयूर शांतपणे म्हणाला. "निशांत, होतं का?"

निशांतने कीबोर्डकडे पाहिलं. "मला आठवत नाही."

"तू काय करतोस इथे?" सुनीतीबाईंनी त्याच्याकडे मोर्चा वळवला.

"टूल मी बनवतो. शब्दांशी माझा संबंध नाही."

"हे टूल काय मोजतं, हे तुला माहीत होतं?"

"जाकिटं. मीच बनवलंय ना."

"दुपारी दारावर माणूस नसतो, हे माहीत होतं?"

निशांत गोंधळला. "नसतो? दारावरच्या फोनला रिंग जाईल अशी सोय मी केली होती. माणूस नसेल तर ती कशाला केली असती?"

"सोमवारी दुपारी तू कुठे होतास?"

"इथेच. मी आणि सर. अबोली सुट्टीवर होती, आईला घेऊन जुईनगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती."

सुनीतीबाईंनी खुर्ची अबोलीच्या टेबलाशी ओढली. मग म्हणाल्या, "आता एकाच साक्षीदाराला विचारायचं राहिलंय. राखणदाराशी बोलता येतं का?"

रूपेशला हसू आलं. अबोलीने निमूटपणे स्क्रीनवर राखणदाराशी बोलायची चौकट उघडून दिली आणि सुनीतीबाई एका बोटाने टाइप करू लागल्या.

'सोमवारी दुपारी दार का लावलंस?'

'खोलीत कोणी नव्हतं.'

'कशावरून?'

'टूलने शून्य सांगितलं. ते माणसं मोजतं, असं त्याच्या वर्णनात लिहिलं आहे.'

'ते जाकिटं मोजतं, हे तुला माहीत नव्हतं?'

'नाही. मला जे लिहून दिलं जातं तेच माहीत असतं.'

'दाराबाहेर चपला होत्या.'

'चपला पाहण्याचं टूल माझ्याकडे नाही.'

सुनीतीबाईंचं बोट अडलं. माणूस असता तर त्यांनी त्याच्या मुस्काटात मारली असती. पण हे खोटं बोलत नव्हतं, सारवासारव करत नव्हतं, कोणावर ढकलत नव्हतं. त्या खोलीतलं सगळ्यात सरळ उत्तर याचंच होतं आणि त्याचाच त्यांना संताप आला.

'दार पुन्हा कोणी उघडलं?'

'ऑफिसमधून आज्ञा आली. लॉगिन अबोली सबनीस.'

'दार उघडण्याच्या आधी त्या लॉगिनने काही केलं?'

'हो. माणसं मोजण्याच्या टूलचं वर्णन उघडलं. ते कोणाच्या नावाने बदललं आहे, ते पाहिलं. त्यानंतर दार उघडलं.'

रूपेश वाकून वाचत होता. त्याचं हसू गेलं.

दुपारनंतर सुनीतीबाईंनी कुंदनलाही वाशीला बोलावून घेतलं. छोट्या मीटिंग रूममध्ये सगळे दाटीवाटीने बसले. रूपेशने अहवाल समोर ठेवला, वर पेन ठेवलं. सुनीतीबाईंनी पेन बाजूला सारलं.

"अबोलीने वर्णन बदललं नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारी दुपारी ती डॉक्टरकडे होती आणि तिचं लॉगिन इथे, या ऑफिसमध्ये चालू होतं. म्हणजे ते दुसरं कोणीतरी वापरतं. सोमवारी वापरलं, तसं गुरुवारीही वापरता येतं."

"निशांत..." केयूरने त्याच्याकडे पाहिलं.

निशांतचा चेहरा पडला. "सर, मी नाही."

"थांबा. बदललेल्या वर्णनात एक ओळ आहे, दुपारी दारावर कोणी नसतं. ही बातमी स्टोरेजच्या कागदांत नाही. अबोलीला माहीत असती तर तिने दारावर विचारा असं लिहिलंच नसतं. निशांतला आज माझ्याकडून कळली. कुंदन, तुम्ही ती कोणाला सांगितलीत?"

"हेल्पलाइनला, मॅडम. फक्त."

सुनीतीबाईंनी पर्समधून मोबाइल काढला. नंबर त्यांनी सकाळी स्टोरेजच्या दारावरूनच घेतला होता. त्यांनी तो लावला आणि मोबाइल टेबलावर ठेवला.

बाहेर केयूरच्या खणात काहीतरी थरथरायला लागलं. लाकडावर ती घरघर चांगलीच मोठी वाटत होती. कोणी उठलं नाही.

"हेल्पलाइनला दुसरा माणूस ठेवलेला नाही," सुनीतीबाई म्हणाल्या. "लायसन्स एक, तशी हेल्पलाइनही एक."

"मी फोन उचलतो हा काय गुन्हा आहे?" केयूरचा आवाज पहिल्यांदा चढला.

"नाही. सोमवारी सगुणाबाईंचा फोनही तुम्हीच उचललात. ती म्हणाली, आत माणूस आहे. ज्याला वाटतं की टूल माणसं मोजतं, तो काय म्हणेल? आत माणूस कसा, आमच्याकडे तर शून्य दिसतंय. तुम्ही विचारलंत, त्याने जाकीट घेतलं नव्हतं का? मृतदेह बाहेर यायचा होता, तपास सुरू व्हायचा होता. शून्याचा खरा अर्थ तुम्हाला तेव्हाच माहीत होता. एक ओळ न वाचणाऱ्या माणसाला तो कुठून कळला? अबोलीचं वर्णन तुम्ही वाचलं होतंत. वाचून पुसलं होतंत."

केयूरने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"आत्तापर्यंत मी याला बेफिकिरी म्हणत होते," सुनीतीबाई म्हणाल्या. "पण पुढचं ऐका. निशांत, दार उघडायला किती बटणं दाबावी लागतात?"

"एकच."

"एकच. बाहेर ती बाई दार बडवत होती. आत तिचा नवरा कडी ओढत होता. आणि यांनी एक बटण दाबायच्या आधी वर्णन उघडून पाहिलं, की बदल कोणाच्या नावावर पडलाय. अबोलीच्या नावावर पडलाय हे बघितलं, मग दार उघडलं. नंतर बोर्ड पुसला. तेवढ्या वेळात तो वाचला असता की नाही, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. म्हणजे जन्मभर तिला ते कळणार नाही."

सुनीतीबाईंनी मोबाइल उचलून पर्समध्ये टाकला.

"शुक्रवारी डेमो होता," शेवटी केयूर म्हणाला. तो अबोलीशी बोलत होता की स्वतःशी, कोण जाणे. "मोठा क्लायंट होता. राखणदार दर वेळी थांबतो, विचारतो, वाट बघतो. कोण घेणार असलं स्लो प्रॉडक्ट? वर हा कुंदन धमक्या देतोय. मला वाटलं, नंतर नीट करू. फक्त चार ओळी होत्या, मॅडम."

"मला सांगायचं होतं ना," अबोली म्हणाली.

"तू वाद घातला असतास."

"घातला असता," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. दोन दिवस पोलिसांसमोर ती रडली नव्हती.

रूपेशने केयूरच्या खांद्यावर हात ठेवला. कुंदन हळूच दाराकडे सरकला.

"तुम्ही कुठे निघालात?" सुनीतीबाईंनी विचारलं. "न दिलेली जाकिटं आणि बर्फ चढलेली कडी अजून बाकी आहेत. खांदा दिला म्हणून तो हिशेब फिटत नाही. बसा."

मग त्यांनी अहवालाचं पहिलं पान फाडलं.

पुढच्या आठवड्यात स्टोरेज पुन्हा सुरू झालं. माल थांबत नाही, त्याला सुतक नसतं. मालकाने नवा मॅनेजर आणला, कडी बदलली, दारावर दुपारचा माणूस ठेवला. राखणदार मात्र तोच राहिला. तपासणीला सुनीतीबाई आल्या, वर्णनं पुन्हा लिहायला अबोली आली. तिची नोकरी गेलीच होती, पण हे काम दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला ती तयार नव्हती.

सगुणाही आली होती. पंचनाम्यानंतर ठेवून घेतलेल्या चपला रूपेशने तिला आज परत दिल्या.

"सगुणाबाई, कागदावर त्यांची चूक लिहिलेली नाही," सुनीतीबाई म्हणाल्या. "त्यांना जाकीट दिलं नव्हतं, असं लिहिलंय."

सगुणाने चपला पदराने पुसल्या.

खोली रिकामी होती. दाराबाहेर काही नव्हतं. सुनीतीबाईंनी अबोलीच्या लॅपटॉपवर टाइप केलं, 'दार लाव.' राखणदाराचं उत्तर अबोलीने मोठ्याने वाचलं, सगुणाला ऐकू जावं म्हणून.

"आत्ता लावत नाही. जाकिटं शून्य आहेत, पण हे टूल माणसं मोजत नाही. पंढरी भोईर यांना जाकीट दिलेलं नव्हतं आणि ते आत होते. कृपया कोणीतरी आत जाऊन पाहावं. बाहेर चपला आहेत का, तेही पाहावं. मी थांबतो."

पंढरीचं नाव अबोलीने वर्णनात घातलं होतं. आता दर वेळी दार लावण्याआधी राखणदार ते वाचणार होता.

सगुणा त्या स्क्रीनकडे बघत राहिली. तिला अक्षरं येत नव्हती, तरी बघत राहिली.

"थांबतंय की," ती म्हणाली. "सांगलं तं थांबतंय. मंग तेवा याला कोनी का नाय सांगलं?"

अबोलीने नजर स्क्रीनवर वळवली. तिने सांगितलं होतं, पण ते आता या बाईला कोणत्या तोंडाने सांगणार? सुनीतीबाईंनीही मान वळवली.

दारावरचा माणूस आत जाऊन पाहून आला आणि कोणी नाही म्हणाला. मग दार लागलं. सगुणाने चपला डब्याच्या पिशवीत घातल्या आणि मासळी निवडायच्या शेडकडे गेली, कारण पाळी सुरू झाली होती.